खळ्यावर बसलेली आय

दिवाळीचे कंदील उतरवले की आमच्या गावाचा वास बदलतो. किनाऱ्यालगतच्या मोकळ्या जागेत बांबू उभे राहतात, त्यांना आडव्या दोऱ्या बांधल्या जातात आणि एके सकाळी पाहावं तर त्या दोऱ्यांवर ओले बोंबील लटकलेले असतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची, एक इकडे, एक तिकडे. या जागेला आम्ही खळं म्हणतो. दुपारपर्यंत वारा आपलं काम सुरू करतो आणि तो वास घरात, कपड्यांत, केसांत, अगदी चहाच्या कपातसुद्धा येऊन बसतो. किहीमला सुट्टीसाठी आलेली मंडळी गाडीच्या काचा वर करून आमच्या गावातून जातात. जाईनात का बापडी. मी मूळची पेणची. लग्न होऊन आले तेव्हा मीही पहिला आठवडा नाकाला पदर लावूनच हिंडले होते. आता हा वास आला नाही तर मलाच चुकल्यासारखं होतं.

यंदाही तो आला. काल संध्याकाळी माझी शाळा सुटल्यावर अलिबागेहून परतताना खळ्याच्या कडेनं आले तर आय तिच्या जागेवर बसलेली. आय म्हणजे माझी सासू. सुरूच्या झाडाखाली प्लास्टिकची खुर्ची, समोर उंच स्टुलावर टोपली, मांडीवर जुना टॉवेल, आणि हात एकामागून एक जोड्या लावतायत. शेजारी वाकून काम करणाऱ्या गावातल्या एका सूनबाईला ती खडसावत होती, "वाकू नको अशी, श्वास सोडशील तवा उचल. श्वास सोडताना हात वर न्यायचा. किती बारी सांगू तुला?" त्या सुनेला काही आजार नव्हता हो. पण आयला आता जो दिसेल त्याला श्वास घ्यायला शिकवायची खोडच लागली आहे.

मी तिथेच सायकलीला टेकून उभी राहिले. बोंबलांच्या जाळीतून पलीकडे समुद्र दिसत होता आणि मला काही वर्षांपूर्वीचा तो मोसम आठवत होता. तेव्हाही हेच बांबू होते, हाच वास होता. फक्त ही खुर्ची नव्हती, आणि आय या गावात राहील की नाही हेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

त्याच्या आदल्या हिवाळ्यात आम्ही तिला मासळीच्या टेम्पोतून अलिबागला नेलं होतं. पुढच्या सीटवर ती, दोन्ही हात डॅशबोर्डवर रोवून पुढे झुकलेली, खांदे वर-खाली होतायत, आणि मागे बर्फाच्या पेट्या खडखडतायत. नरेशनं, माझ्या नवऱ्यानं, त्या दिवशी टेम्पो कसा चालवला ते त्यालाच माहीत. त्याची स्वतःची होडी आहे. वादळात तो शांत असतो, पण आयच्या छातीतला आवाज ऐकून त्यानं दोनदा चुकीचा गिअर टाकला. आयनं उभ्या जन्मात विडी ओढलेली नाही. डॉक्टरांनी विचारलं, स्वयंपाक कशावर करता? चुलीवर, ती म्हणाली. मग त्यांनी समजावून सांगितलं. चुलीसमोर काढलेली सगळी वर्षं तिच्या फुफ्फुसांत जमा झाली होती. सीओपीडी म्हणतात त्याला. बरा होत नाही, पण सांभाळता येतो, असं ते म्हणाले. आम्ही त्यातलं ‘बरा होत नाही’ एवढंच ऐकलं.

खरं दुखणं वेगळंच होतं. आय लपवायची. खोकला आला की मोरीत जाऊन नळ सोडायची, म्हणजे आम्हाला पाण्याचा आवाज यावा. रात्री आडवं होता येईना तर भिंतीला टेकून बसायची आणि सकाळी सांगायची, मच्छर फार होते. डॉक्टरांनी दिलेला पंप, म्हणजे तोंडात फवारा मारायचा तो इन्हेलर, तिनं कपाटात साडीच्या घडीत जपून ठेवला होता. पंपाची सवय लागते असं तिला कोणीतरी सांगितलेलं. शिवाय चांगली वस्तू रोज कशाला वापरायची? सणासुदीची साडी जशी, तसा पंप. मी चिडले की म्हणायची, "मना काय झालाय? ठनठनीत हाय मी." आणि हे एवढं वाक्य दोनदा थांबून पुरं करायची.

का लपवायची ते मला माहीत होतं. सुनील भावोजी, माझे धाकटे दीर, पनवेलला असतात. त्यांचे ट्रक आहेत, सातव्या मजल्यावर फ्लॅट आहे, माणूस लाखात एक. पण आईच्या बाबतीत डोकं चालत नाही त्यांचं, नुसतं काळीज चालतं. टेम्पोचं प्रकरण कळल्यावर ते दवाखान्यातच म्हणाले, "बस झालं आता. गावात धूर आहे, धूळ आहे, मासळीचा वास आहे. आईला मी घेऊन जातो." आय कॉटवर नाकात नळी घालून पडलेली. तिनं नुसती मान फिरवली. शेवटी नरेशनं मध्यस्थी केली आणि ठरलं ते असं, की पुढचा मोसम बघायचा. शिमग्याला भावोजी येतील आणि तेव्हा तब्येत ढासळलेली दिसली तर आय पनवेलला जाईल, मग कोणी आडवं यायचं नाही.

पनवेलचा फ्लॅट वाईट नाही. लिफ्ट आहे, गॅस आहे, बाल्कनी आहे. आय एकदा तिथे राहून आली होती. परत आली तेव्हा मी विचारलं, कसं वाटलं? ती म्हणाली, "खिरकीतून खाली बघितला तर मानसा दिसतान, पन हाक मारली तर वर कोन बघीत न्हाय." बस, एवढंच बोलली. मला ते पुरेसं होतं.

पुढच्या पावसाळ्यानंतर अलिबागच्या दवाखान्यात छातीच्या व्यायामांसाठी सायली यायला लागली. पंचविशीची फिजिओथेरपिस्ट, केस घट्ट बांधलेले, बोलणं मात्र सैल आणि हसरं. पहिल्या दिवशी तिनं आयला समोर बसवलं आणि विचारलं, "आजी, तुम्हाला काय करायचंय?" आयनं माझ्याकडे पाहिलं. मी सवयीनं तोंड उघडलं, म्हटलं, "त्यांना बरं व्हायचंय." सायली म्हणाली, "ताई, तुम्ही नका ना सांगू. त्यांना सांगू दे."

 एवढ्या वर्षांत आयला कुठल्या दवाखान्यात कोणी असं विचारलं नव्हतं. काय होतंय ते विचारायचे, कधीपासून होतंय ते विचारायचे. काय करायचंय, हे नाही. आय बोटांनी पदराचा काठ चुरगाळत राहिली आणि मग हळूच म्हणाली, "मना खल्यावर बसाचा हाय."

सायली घाटावरची. तिनं खळं म्हणजे काय ते विचारून घेतलं. आय सांगायला लागली, बोंबील कसे येतात, धुतात कसे, जबडे कसे अडकवायचे, दोऱ्या किती उंच असतात. सांगता सांगता तिला दम लागला. तेवढ्यात सायलीनं नेमका प्रश्न विचारला, "दोरीवर टाकताना हात डोक्याच्या वर जातात ना? तेव्हाच जास्त दम लागतो का?" आय चमकली. व्हय, तवाच लागतो. मग त्या मुलीनं समजावलं की हात वर उचलले की श्वासाला मदत करणारे स्नायू त्या कामात अडकतात. "तुमची फुफ्फुसं मी नवी करून देऊ शकत नाही आजी," ती म्हणाली, "पण जेवढी आहेत तेवढ्यात खळ्यावर कसं बसायचं, ते आपण दोघी मिळून शोधू." खोटा धीर दिला नाही हे मला आवडलं. आयलाही आवडलं असावं, कारण घरी येऊन रिक्षातून उतरताना ती म्हणाली, "पोर बरी हाय."

तर त्या पोरीनं शिकवलेला पहिला धडा म्हणजे ओठ आवळून श्वास सोडायचा. नाकानं घ्यायचा, आणि ओठांचा चंबू करून सावकाश, घेतला त्याच्या दुप्पट वेळ लावून सोडायचा. आयला काही केल्या जमेना. ती गाल फुगवायची नाहीतर भसकन सोडून मोकळी व्हायची. शेवटी सायलीला सुचलं. म्हणाली, "आजी, चूल पेटवताना फुंकणीनं कसं फुंकता? अगदी तसं. जोरात नाही, लांब." आयचा चेहरा उजळला. तिनं ओठ आवळले आणि असा लांबलचक, एकसारखा श्वास सोडला की सायलीनं टाळी वाजवली.

त्यानंतरचे काही दिवस मी खूश होते. आय रोज संध्याकाळी स्वतःहून म्हणायची, "मी व्यायाम करून येते," आणि मागल्या पडवीत जायची. सांगावं लागत नाही, वा. पण खोकला कमी व्हायचा तर वाढत चालला. एक दिवस शाळेला लवकर सुट्टी झाली म्हणून मी वेळेआधी घरी आले आणि मागल्या दारानं शिरले. बघते तर पडवीत चूल धडधडलेली, नारळाच्या सालींची सोडणं धुमसतायत, आणि आय हातात फुंकणी घेऊन मन लावून श्वासाचा व्यायाम करतेय. डोळ्यांतून पाणी, खोकून खोकून चेहरा लाल, पण फुंकणं थांबत नाही.

मी ओरडलेच. "आय, अहो काय चाललंय हे?" ती माझ्याकडे अशी बघायला लागली जसं काही मीच खुळी. "तिनंच सांगितला ना, फुंकनीनं फुंकाचा?" अहो पण चूल कशाला पेटवायची? त्यावर आय म्हणाली, "रिकाम्या चुलीत फुंकून कसा कलनार बरोबर फुंकला का? इस्तव फुलला म्हंजे बरोबर."

आता याला काय म्हणायचं? मी कपाळाला हात लावला आणि मग तिथेच उंबऱ्यावर बसून हसत सुटले. तिचं चुकलं कुठे होतं? ज्या बाईनं सगळी हयात विस्तव फुलवून आपलं फुंकणं तपासलं, ती दुसरं काय करणार होती. आयही हसायला लागली, मग खोकायला लागली, मग दोघींनी मिळून चुलीवर पाणी ओतलं.

सायलीला सांगितलं तर ती आधी घाबरली, आयची छाती तपासली, आणि मग तिलाही हसू आवरेना. पण आयचं म्हणणं तिनं उडवून लावलं नाही. बरोबर फुंकलं की नाही हे कळायला समोर काहीतरी हवं, हे तिला पटलं. ती म्हणाली, दिव्याची ज्योत समोर ठेवा. ती वाकली पाहिजे, पण विझता कामा नये. यावर आयनं कानांवर हात ठेवले. देवाच्या दिव्यावर तोंडानं फुंकर? हे काही तिच्यानं होणार नव्हतं. मग मला आठवलं, आमच्या धाकट्या मुलाच्या वाढदिवसाच्या केकवरच्या उरलेल्या मेणबत्त्या डब्यात पडल्या होत्या. त्या दिवसापासून आय रोज स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून एक गुलाबी, वेटोळ्याची मेणबत्ती लावायची आणि तिची ज्योत हळूहळू वाकवायची. तिचे ओठ पुढे आलेले, डोळे ज्योतीवर खिळलेले. मी भाजी चिरता चिरता बघत राहायचे. घरात त्या वेळी फार छान वाटायचं.

आणि चूल? चूल सोड म्हणून आम्ही सगळ्यांनी वर्षानुवर्षं घसा कोरडा केला होता. तेव्हा तिनं ऐकलं नव्हतं. तांदळाची भाकरी गॅसवर फुगत नाही, माशाच्या आंबटाला चव येत नाही, हजार कारणं. पण खळ्यावर बसायचं तर चूल नको, हा हिशेब तिचा तिनं घातला. एका सकाळी तिनं नरेशला बोलावून सांगितलं, ती चूल फोड आणि तिथं कोंबड्यांचं खुराडं कर. गॅसवरची पहिली भाकरी जळली, तिनं गॅसच्या शेगडीला शिव्या घातल्या, आणि दुसरी फुगली. माणसाला ज्याच्यासाठी सोडायचं ते डोळ्यांसमोर असलं की सोडणं जमतं, नुसतं सोड सोड म्हणून कोणी सोडत नाही. मी शाळेत मुलांना शिकवते, तिथेही हेच बघते.

त्या हिवाळ्याच्या सकाळी मला अजून जशाच्या तशा दिसतात. दव पडून ओली झालेली वाळू, चहा, आणि साडीच्या घडीतून बाहेर निघून आता चहाच्या कपाशेजारी येऊन बसलेला पंप. त्याला लावायची ती प्लास्टिकची नळी, पंप मारल्यावर चूळ भरणं, मग पायांत चपला. आम्ही दोघी खळ्याकडे निघायचो. आधी देवळापर्यंत जायचो, तिथल्या पारावर बसायचो, ओठ आवळून श्वास सोडावा लागला की परत. मग पुढच्या आठवड्यात विहिरीपर्यंत. वाटेत बायका विचारायच्या, काय गो, फिराला निघाली? आय उत्तर द्यायची नाही, नुसता हात वर करायची. चालताना बोलायचं नाही हे तिनं ठरवलं होतं. बोलणं आणि चालणं यांतलं एकच एका वेळी. आयसारखी बडबडी बाई गप्प चालतेय हे गावाला नवल होतं.

आणि एका सकाळी ती खळ्यावर पोचली. बायकांनी जागा करून दिली. दोरीवर टाकायचं काम तिनं केलं नाही. ती खाली बसून जोड्या लावत राहिली आणि दुसऱ्या बायका त्या उचलून टाकत राहिल्या. तिचे हात मूळचेच चपळ. दुपारपर्यंत दोरीवर टाकणाऱ्या सगळ्याजणी मागे राहिल्या. त्या दिवशी घरी येऊन ती जेवली आणि गाढ झोपली. मी तिच्या अंगावर चादर टाकली तेव्हा तिच्या बोटांना बोंबलांचा वास येत होता.

डॉक्टरांनी एक कागदही दिला होता. त्यावर तीन रंग होते. हिरवा म्हणजे नेहमीसारखं. पिवळा म्हणजे दम नेहमीपेक्षा वाढला, बेडक्याचा रंग बदलला, झोप लागत नाही. तसं झालं की डॉक्टरांना फोन करायचा आणि त्यांनी आधीच लिहून दिलेल्या गोळ्या सुरू करायच्या. लाल म्हणजे वाट बघायची नाही, गाडी काढायची. मी तो कागद फ्रीजवर लावला आणि वाचून दाखवला. आयनं ऐकून घेतलं, पण पिवळा दिवस आला तरी ती बोलली नाही. नळाचा आवाज पुन्हा यायला लागला. मी वैतागले. त्यावर नरेशच तिच्याजवळ जाऊन बसला आणि म्हणाला, "आये, बंदरावर वादळाचा तीन नंबरचा बावटा लागला की मी काय करतो?" आय म्हणाली, "होरी परत आनतोस." "मग मला कोणी भित्रा म्हणतं का?" "न्हाय." "मग हा पिवळा म्हणजे तुझा बावटा. बावटा लावायला कोणी लाजतं का?"

 वडील गेल्यावर होडी नरेशच्या हाती आली होती. बावटा लागूनही समुद्रात गेलेल्या आणि परत न आलेल्या माणसांच्या घरची दारं आयला माहीत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं चहा घेताना मला सरळ सांगितलं, "आज बरा न्हाय गो. बेडका पिवला परलाय." मी फोन तिच्याच हातात दिला. तिनं स्वतः डॉक्टरांशी बोलून घेतलं, मोठ्या आवाजात, जणू अलिबागपर्यंत फोनशिवायच आवाज पोचवायचा होता. गोळ्या सुरू झाल्या, आठवड्यात ती पुन्हा खळ्यावर. दवाखान्यात ठेवावं लागलं नाही. तिनं फोन केला त्या रात्री मी नरेशला म्हटलं, आपल्या घरात आज पहिल्यांदा कोणीतरी खरं बोललं.

असा मोसम सरत आला. उन्हं तापू लागली, वारा फिरला, सुके बोंबील गोण्यांत भरले गेले. शिमगा तोंडावर आला. आणि नेमकं तेव्हाच, भावोजी यायचे त्याच्या दोन दिवस आधी, आयचा दम पुन्हा वाढला. तिनं लपवलं नाही, फोन केला, गोळ्या घेतल्या. पण भावोजी आले त्या दुपारीही तिचा चेहरा ओढलेला होता, ओठ आवळून श्वास चाललेला. गाडी दारात थांबली. भावोजींच्या हातात मोठी, चाकं लावलेली, रिकामी बॅग होती. मी घाईनं आत जाऊन आयला म्हटलं, "आज काही बोलू नका हां. थोडी पावडर लावा, बाहेर येऊन बसा, हसा. एका दिवसाचा प्रश्न आहे." नरेशही तेच म्हणाला. आयनं आम्हा दोघांकडे पाहिलं आणि ती काहीच न लावता तशीच बाहेर आली.

भावोजींनी वाकून नमस्कार केला. "आई, बरी आहेस ना?"

"न्हाय," आय म्हणाली.

 संपलं, मी मनात म्हटलं.

आयनं त्यांना समोर बसवलं आणि थांबत थांबत, एकेका श्वासाला एकेक वाक्य देत सांगितलं. दम परवा वाढला. बेडका पिवळा झाला. डॉक्टरांशी बोलले. गोळ्या चालू आहेत. काल जास्त होतं, आज उतरायला लागलंय. भावोजींचा चेहरा लाल झाला. ते उठले, बॅग उचलली. "झालं तर मग. दादा, वहिनी, ठरलं होतं ना आपलं? आई, कपडे भर. माझ्याकडे टेन्शन नाही, समोर हॉस्पिटल आहे."

"बस आधी," आय म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण ते बसले. "म्या आज पावडर लावून हसली असती, तर तू मना इथंच ठेवून गेला असतास. खरा हाय का न्हाय?"

भावोजींनी बॅग खाली टेकवली.

"म्या खरा सांगितला म्हनून तू मना न्यायला निघालास." ती थांबली. ओठ आवळून एक लांब श्वास सोडला, पुरता सोडला, आणि मग पुढे म्हणाली, "मग बाला, पुढच्या बारीला मी लपवीन. तुज्या घरी पन लपवीन. सातव्या माल्यावर पन नल हाय ना मोरीत?"

अंगणात होळीसाठी पोरं लाकडं ओढत होती, त्यांचा आवाज येत होता.   भावोजींनी बॅग बाजूला ठेवली आणि विचारलं, "गोळ्यांनी उतरलं नाही तर?"

आयनं सांगितलं. वाक्य पुरं बोलता आलं नाही, ओठ निळे पडले, तर कोणाचीच वाट बघायची नाही, शेजारच्या बाळूची रिक्षा आणि सरळ अलिबाग. तिची पिशवी दाराआड तयार असते, ती दाखवली. मग त्यांनी पंप हातात घेतला, उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, "हा कसा घ्यायचा, मला दाखव. तुला जमलं नाही तर मला यायला पाहिजे." आयनं दाखवलं. एकदा त्यांनी नळी उलटी लावली, तिनं त्यांच्या हातावर चापट मारली. लहानपणी मारत असेल अगदी तशीच. नरेश उठून बाहेर गेला आणि अंगणात उगीचच पोरांना लाकडं रचायला मदत करायला लागला.

संध्याकाळी होळी पेटली तेव्हा आय घरातच थांबली. धुराचा रोख आमच्या घराकडे होता म्हणून तिनं त्या बाजूच्या खिडक्या लावून घेतल्या आणि नारळ नरेशच्या हाती दिला. पूर्वी ती होळीभोवती पहिली फेरी घालायची. भावोजी तिच्यापाशी बसून राहिले. दोघं टीव्ही बघत होती म्हणे.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते निघाले. आयनं त्यांच्या मोठ्या बॅगेत सुके बोंबील भरले, गच्च, चेन लागेना इतके. भावोजी म्हणाले, "आई, गाडीला पनवेलपर्यंत वास येईल." "येऊ दे," ती म्हणाली. "मे महिन्यात पोराना घेऊन ये. त्याना पोहायला शिकव. मना न्यायला येऊ नको." ते हसले, तिच्या पायांना हात लावला आणि गाडीत बसले.

गाडी वळणाआड गेली. मी मागे वळले तर आय ओटीवर दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून पुढे झुकून बसलेली. मला वाटलं दम वाढला, मी धावले. पण ती रडत होती. टेम्पोतून नेलं तेव्हा रडली नव्हती, पनवेलचं नाव निघालं तेव्हा रडली नव्हती. मी पाठीवर हात ठेवला. तिनं एक हुंदका दिला, थांबली, ओठ आवळून श्वास सोडला, पुन्हा एक हुंदका दिला, पुन्हा थांबली. मग डोळे पुसत माझ्याकडे बघून म्हणाली, "रराला पन दम लागतो गो. बस जरा. सावकाश ररते."

मी तिच्या शेजारी बसले. आम्हाला कुठेच जायचं नव्हतं.